वीणेचा सांधा आणि सरस: कोणता घ्यावा, कधी लावावा

हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. सात दिवस, रात्रंदिवस, ती एका विणेकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देगलूर, मुखेड, बिलोलीकडच्या गावांत मंडप पत्र्याचा असला तर दुपारी वरून धग, पहाटे गारवा आणि चोवीस तास माणसाच्या अंगाचा घाम, असं सगळं त्या एका वाद्याला सोसावं लागतं. वर तारा सतत ताणलेल्या. सप्ताह उठला की मग कुणीतरी वीणा घेऊन सुताराकडे येतो. दांडी जिथे भोपळ्याला मिळते तिथे केसाएवढी फट दिसत असते आणि तार लावली की सूर उतरत जातो. सुतार सांध्यात फेव्हिकॉल भरतो, सुतळीने आवळतो आणि दोन दिवसांनी घेऊन जा म्हणतो. पुढच्या सप्ताहानंतर फट पुन्हा तिथेच उघडते.

दोष सुताराच्या हाताचा नसतो. तारवाद्याच्या सांध्याला चिकटद्रव्य कोणतं हवं हा प्रश्न खिडकी-दरवाजाच्या सांध्यापेक्षा वेगळा आहे. त्याचं जुनं उत्तर सरस हे आहे. मात्र सरस एकाच प्रकारचा नसतो आणि परदेशी पुस्तकांतल्या सूचना मराठवाड्याच्या उन्हात काही वेळा उलट्या लागू पडतात. हा लेख त्याबद्दल आहे.

सरस म्हणजे काय

जनावराच्या कातड्यात कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. कातडं चुन्याच्या निवळीत भिजवायचं, धुवायचं आणि मंद आचेवर पाण्यात शिजवायचं. कोलॅजनचे पीळ सुटतात आणि जिलेटीन तयार होतं. ते गाळून, गोठवून, वाळवलं की सरस झाला. स्वयंपाकघरातलं जिलेटीन आणि सुताराचा सरस हे सख्खे भाऊ आहेत. फरक शुद्धतेचा आणि निगराणीचा.

शिजवण्याचं काम एका खेपेत संपत नाही. पहिल्या खेपेला पाणी कमी तापवतात. तेव्हा निघतो तो सरस सर्वांत दमदार, कारण त्याचे रेणू लांब राहिलेले असतात. तेच कातडं पुन्हा, जास्त आचेवर शिजवलं की पुढचा सरस निघतो, तो थोडा हलका. तिसऱ्या-चौथ्या खेपेचा त्याहून हलका. हाडांपासूनही सरस काढतात. तो बहुधा गडद रंगाचा आणि ताकदीला कमी असतो. खोकी चिकटवायला तो पुरतो, तारवाद्याला नाही.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत देवळं आणि मूर्तींसाठीच्या वज्रलेपाच्या कृती आहेत आणि त्यांपैकी एकीत जनावरांची शिंगं आणि कातडी येतात. आपल्या जास्त जवळचा दाखला कल्याणीच्या चालुक्यांचा. तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावरचा मानसोल्लास हा ग्रंथ ११२९च्या सुमाराचा. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, देगलूरहून सीमा ओलांडली की त्याच मुलखात. देगलूर तालुक्यातली होट्टलची देवळंही चालुक्यांच्याच काळातली. मानसोल्लासात चित्रकारांसाठी वज्रलेप सांगितला आहे: म्हशीचं ताजं कातडं लोण्यासारखं मऊ होईपर्यंत पाण्यात शिजवायचं, त्याच्या कांड्या वळायच्या, उन्हात वाळवायच्या आणि लागेल तेव्हा मातीच्या भांड्यात पाणी घालून पुन्हा वितळवायच्या. नऊशे वर्षांनंतरही कृती मुळात तीच आहे. फक्त कांडीच्या जागी दाणेदार सरसाचं पाकीट आलंय.

पाकिटावरचा आकडा

चांगल्या प्रतीच्या सरसाच्या पाकिटावर १६४, १९२, २२२, २५१, ३१५ असा एखादा आकडा असतो. तो वजनाचा किंवा किमतीचा नाही. सरसाचं ठरावीक प्रमाणातलं द्रावण १० अंश सेल्सिअसला गोठवतात. त्या जेलीच्या पृष्ठभागावर अर्धा इंच व्यासाची दांडी ठेवून ती ४ मिलिमीटर आत जाण्यासाठी किती ग्रॅम जोर लागतो ते मोजतात. तो जोर म्हणजे हा आकडा. ऑस्कर ब्लूम यांनी १९२५मध्ये या मापनाच्या यंत्राचं पेटंट घेतलं, म्हणून त्याला ब्लूम म्हणायची पद्धत पडली. त्याआधी एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कचे सरस-कारखानदार पीटर कूपर यांनी मालाची प्रतवारी लावली होती. पाकिटांवरच्या या विचित्र आकड्यांच्या पायऱ्या त्या वंशावळीतल्या.

आकडा मोठा म्हणजे सरस चांगला, असं समजणं साहजिक आहे, पण चूक आहे. मोठ्या आकड्याचा सरस पाणी जास्त मागतो, लवकर गोठतो आणि सुकताना जास्त आकसतो. ३१५च्या वरचा सरस काचेवर जाड थापून वाळवला तर आकसताना काचेचे पापुद्रे उचकटतो. नक्षीदार काच करणारे त्याचा मुद्दाम तसा उपयोग करतात. लाकडाच्या सांध्यात हा जोर कामाचा नाही. १३५च्या खालचा सरस दुसऱ्या टोकाला. तो सावकाश गोठतो, पण तारांच्या ताणाखाली त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

वाद्यकामाला १९२ आणि २५१ या दोन आकड्यांत जवळजवळ सगळं भागतं. एकच पाकीट घ्यायचं असेल तर १९२ घ्या.

कोणत्या सांध्याला कोणता

तंबोरा किंवा वीणा डोळ्यांसमोर आणा. खाली भोपळा, त्याच्या तोंडावर तबली, तबलीवर घोडी, वर गळा, गळ्यातून निघणारी दांडी, टोकाला खुंट्या, खाली तारा अडकवायचा लंगोट. या प्रत्येक जागी सरसाचं काम वेगळं आहे.

दांडी आणि गळ्याचा सांधा सर्वांत कष्टाचा. तारा तिथे दिवसरात्र दांडीला पुढे ओढत असतात. इथे २५१ लावावा, ताजा लावावा आणि सांधा मुळात इतका नेटका घासलेला असावा की सरसाशिवाय जोडून प्रकाशाकडे धरला तर उजेड पलीकडे जाऊ नये. सरस फट भरत नाही. तो दोन लाकडं एकमेकांना भिडलेली असतील तरच त्यांना धरून ठेवतो. सैल सांध्यात कितीही भारी सरस ओता, सुकला की तो आकसून तडकतो.

तबलीचं उलट. तबली कधी ना कधी उघडावी लागणार, हे धरूनच ती बसवायची. आत भोपळ्याला चीर गेली, तबली बसली, दांडीचा सांधा आतून हलला, काहीही झालं तरी रस्ता तबलीतून जातो. म्हणून तिला १९२, तोही एरवीपेक्षा थोडा पातळ. व्हायोलिन करणारे वरची पाटी मुद्दाम अशक्त सरसाने चिकटवतात. हवा बदलून लाकूड आकसलं तर पाटीच्या मध्यातून चीर जाण्याऐवजी कडेचा सांधा सुटावा, हा त्यामागचा हिशोब. सुटलेला सांधा अर्ध्या तासात बसतो, चिरलेली तबली कायमची जाते.

दांडीवरच्या पट्ट्या, गळ्याभोवतीचं पानांचं नक्षीकाम, कडेची किनार या कामांना १९२ किंवा १६४ दोन्ही चालतात. तुकडे लहान, हात चालवायला वेळ हवा, म्हणून हलका सरस सोयीचा. भोपळ्याला चीर गेली असेल तर आतून सुती कापडाची पट्टी सरसात भिजवून लावतात. भोपळा भुसभुशीत असतो, सरस पितो. म्हणून आधी पातळ सरसाचा एक हात मारून तो सुकू द्यायचा, मग खरा थर. लाकडाच्या आडव्या कापलेल्या टोकांनाही हीच युक्ती लागू आहे.

तंबोऱ्याच्या घोडीला सरस लावत नाहीत. ती तारांच्या दाबावर उभी असते आणि जवारी (तारेची गुंज) काढताना हलवावी लागते. खुंट्यांनाही अर्थातच नाही. हे सांगायची गरज पडू नये, पण खुंटी सरकते म्हणून भोकात फेव्हिकॉल भरणारे लोक आहेत.

पेटीचं (हार्मोनियमचं) काम थोडं वेगळं. भात्याचं कापड, कोपऱ्यांवरचं चामडं, आतल्या झडपांवरची गादी हे सगळं दर काही वर्षांनी बदलायचं असतं. तिथे सरस लावला की पुढचा दुरुस्त करणारा ओल्या फडक्याने ते सोडवू शकतो.

मिरजेच्या सतारमेकरांचा उल्लेख इथे करायला हवा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब यांच्यापासून तिथे सतारी-तंबोऱ्यांची परंपरा सुरू झाली. मूळचं हे घराणं हत्यारं करणाऱ्या शिकलगारांचं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुनाचं लाकूड आणि पिढ्यांचा हात यांवर ती परंपरा उभी आहे. २०२४मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मराठवाड्यातल्या देवळांत आणि भजनी मंडळांत मिरजेचे तंबोरे भेटतात. त्यांतलं जुनं वाद्य उघडायची वेळ आली, तर आतल्या सांध्यांवर काय लावलंय ते आधी ओळखा. गरम पाण्याचा थेंब टाकून मिनिटभराने बोट लावलं की सरस चिकट होतो, फेव्हिकॉल पांढुरका पडतो.

देगलूरचा उन्हाळा, देगलूरचा पावसाळा

युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत सरसाबद्दलची पहिली तक्रार वेळेची असते. सरस गरम लावायचा, तो थंड झाला की जेली होतो आणि जेली झाल्यावर सांधा जोडला तर धरत नाही. थंड खोलीत हातात अर्धं मिनिट, फार तर मिनिट. म्हणून ते लाकूड गरम करायला सांगतात, वाऱ्याची झुळूक बंद करायला सांगतात आणि सावकाश गोठणारा हलका सरस सुचवतात.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३पर्यंत जातो. सरस जेली होतो तो साधारण माणसाच्या अंगाच्या तापमानाच्या खाली उतरल्यावर. म्हणजे भर दुपारी दुकानात तो जेली होतच नाही. द्रवच राहतो आणि हळूहळू पाणी उडून वाळतो. वरवर पाहता हे सोयीचं वाटतं, कारण वेळ भरपूर मिळतो. पण आधी जेली होऊन मग वाळलेला सरस जास्त चिवट असतो. उष्णतेत जेली न होता तसाच वाळला तर त्याच्या रेणूंना पुन्हा पीळ घालून घ्यायला अवसर मिळत नाही आणि थर ठिसूळ होतो. दुसरी अडचण पकडीची. गार हवेत दोन फळ्या सरस लावून एकमेकांवर घासल्या की जेली होता होता त्या एकमेकींना धरतात, शिकंजा लागत नाही. मेमध्ये ही पकड येत नाही. शिकंजा किंवा दोरी लागतेच, आणि ती दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावी लागते.

म्हणून उन्हाळ्यात सरसाचं काम पहाटे करावं आणि जोडलेलं वाद्य दिवसभर सर्वांत गार खोलीत ठेवावं, पत्र्याखाली नाही. शिवाय या दिवसांत मुद्दाम २५१कडे जावं. तो थोड्या वरच्या तापमानालाच गोठू लागतो आणि त्याची घाई आपल्याला त्रासदायक ठरत नाही, कारण हवाच आपल्याला वेळ देत असते. डिसेंबरात पहाटे पारा १२-१५ अंशांवर येतो तेव्हा पुस्तकातला सल्ला जसाच्या तसा खरा: १९२ घ्या, लाकूड उन्हात तापवून घ्या, दार बंद करा. दोन ऋतूंना दोन पाकिटं हा खर्च वाटेल, पण पाकीट कोरड्या जागी ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं.

कूलरसमोर काम करायचा मोह होतो. खोली गार होते हे खरं, पण कूलरची हवा ओली. त्या हवेत सांधा वाळायला वेळ लागतो आणि लाकूडही ओल धरतं. सांधा जोडेपर्यंत कूलर चालवा, मग बंद करा.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. सरस जेली होतो, पण वाळत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ज्या सांध्यावर तारांचा ताण येणार आहे त्याला एक रात्र पुरत नाही, दोन-तीन दिवस द्या. तारा लगेच चढवू नका. आणि वितळवलेला सरस उघडा ठेवलात तर दुसऱ्या दिवशी वर बुरशीचा पांढरा थर येतो. सुक्या सरसालाही झुरळं आणि कसर सोडत नाहीत. घट्ट झाकणाचा डबा हवा.

तयार वाद्याला कोरड्या उन्हापेक्षा ओलसर उष्णता जास्त बाधते. नुसत्या कोरड्या तापाला सरस बऱ्यापैकी तोंड देतो. घाम, दमट कापडाची गवसणी आणि वर बंद गाडीतली धग एकत्र आली की सांधा नरमतो. उन्हात उभ्या केलेल्या जीपमध्ये गवसणीसकट वीणा ठेवून जेवायला जाणं हा सांधा उघडायचा खात्रीचा मार्ग आहे.

भिजवणं आणि तापवणं

सरस आधी गार पाण्यात भिजवायचा. थेट गरम पाण्यात टाकला तर बाहेरून चिकट आणि आत कोरडा असा गोळा होतो, तो नंतर कितीही ढवळला तरी नीट विरघळत नाही. दाणेदार सरस तास-दोन तासांत भिजतो, कांडी किंवा पत्री असेल तर रात्रभर ठेवा. १९२ला वजनाने पावणेदोन-दोनपट पाणी, २५१ला दोनपट किंवा किंचित जास्त. सुरुवात एवढ्याने करा आणि मग हाताने ठरवा. कुंचला वर धरला की सरस अखंड धारेने, थेंब न तुटता खाली आला पाहिजे. गोळे पडले तर दाट आहे, पाण्यासारखा सांडला तर पातळ.

तापवायचा तो पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून. थेट आचेवर कधीच नाही. ६० ते ६३ अंश पुरेत. ७०च्या वर गेला की रेणू तुटायला लागतात आणि उकळी फुटली तर तो सरस संपला असं समजा. दिसायला तसाच राहतो, ताकद गेलेली असते. भारतीय सुतारकामात सरसाची बदनामी जास्त करून या उकळीमुळे झाली आहे. भट्टीशेजारी दिवसभर खदखदणाऱ्या सरसाच्या डब्याने जोडलेला सांधा सुटला की लोक सरसाला नावं ठेवतात. स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या. बाळाच्या दुधाची बाटली तापवायचं छोटं यंत्र या कामाला फार चांगलं. भाताच्या कुकरची गरम ठेवण्याची सोय मात्र बहुधा ६५च्या वर नेते, तिच्यावर नजर ठेवावी लागते.

उरलेला सरस फ्रिजमध्ये जेली करून ठेवता येतो. चौकोनी तुकडे पाडून ठेवले तर लागेल तेवढाच वितळवता येतो. मात्र दरवेळच्या तापवण्याने तो थोडा उतरतो, म्हणून दांडीच्या सांध्याला नेहमी नवीन भिजवलेला. आंबूस वास आला किंवा जेली पूर्वीसारखी घट्ट राहिली नाही तर टाकून द्या. उन्हाळ्यात बाहेर ठेवलेला सरस दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकत नाही.

सांधा जोडताना

आधी सरसाशिवाय सगळं जोडून पाहा. शिकंजा कुठे बसेल, त्याखाली लाकडाचा तुकडा कुठला, दोरी कुठून कशी फिरेल, हे ठरलेलं असलं पाहिजे. सरस लावल्यावर तुकडे शोधायला वेळ नसतो. भोपळ्यासारख्या गोल वस्तूला शिकंजा बसत नाही. तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून गुंडाळली तर दाब सगळीकडे सारखा येतो.

जुना सांधा असेल तर धूळ, तेल, मेण आणि घामाचा थर काढा. जुना सरस पूर्ण खरवडून काढायची गरज नाही. नवा गरम सरस जुन्याला ओला करतो आणि दोघं एक होतात. सरसाचा हा सर्वांत मोठा गुण आहे, आणि सुतारकामातल्या नेहमीच्या दुसऱ्या चिकटद्रव्यांकडे तो नाही.

मग सरस दोन्ही बाजूंना लावायचा, जोडायचं, दाबायचं. अंगठा आणि तर्जनीमध्ये एक थेंब घेऊन बोटं उघडझाप केली की तो चिकट होत जातो आणि बोटं दूर नेताना कापसासारखे बारीक तंतू निघतात. चांगल्या सरसाची ती खूण आहे. तंतू निघाले नाहीत, नुसता घसरडा राहिला, तर तो पातळ आहे किंवा उतरलेला आहे. कडेने बाहेर आलेला सरस ताबडतोब पुसू नका. जेलीसारखा झाला की पटाशीने अलगद उचलता येतो, मग गरम ओल्या फडक्याने शेवटचा हात. लाकडावर राहिलेला डाग पॉलिशच्या वेळी दिसतो.

सुटा सरस घेताना

ब्लूमचा आकडा छापलेलं पाकीट ऑनलाइन मागवता येतं. पण हार्डवेअरच्या दुकानात कांड्या किंवा पत्र्या सुट्या मिळाल्या तर त्या पारखायची जुनी रीत आहे. पत्री उजेडाकडे धरा. मधासारखी स्वच्छ दिसावी, ढगाळ नसावी. मोडली की काचेसारखा तडा जावा. तिचा एक तुकडा रात्रभर गार पाण्यात ठेवा. चांगला सरस फुगतो, स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पितो, पण पाणी स्वच्छ राहतं आणि तुकडा एकसंध राहतो. हलका सरस अर्धा विरघळून पाणी गढूळ करतो.

दोन नमुन्यांची तुलना करायची असेल तर घरीच ब्लूमची नक्कल करता येते. दोन्ही सरस सारख्या वजनाचे, सारख्याच पाण्यात विरघळवून दोन सारख्या वाट्यांत ओता. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी एकाच बोटाने एकाच जोराने दोन्ही दाबून पाहा. घट्ट जेलीचा सरस वरच्या आकड्याचा. आकडा कळत नाही, पण क्रम कळतो, आणि निवडायला तेवढा पुरतो.

किराणा दुकानातलं खाण्याचं जिलेटीन अडीअडचणीला चालतं. शुद्ध असतं, पण लवकर गोठतं, त्यामुळे लहान कामापुरतंच घ्यावं.

फेव्हिकॉलचं काय

फेव्हिकॉल १९५९पासून बाजारात आहे आणि सुतारांनी सरस सोडला तो त्याच्यामुळे. भिजवणं नाही, तापवणं नाही, वास नाही. कपाटाला, टेबलाला, तंबोऱ्याच्या पेटीलाही उत्तम. सांध्याची नुसती ओढून मोजलेली ताकद पाहिली तर तो सरसापेक्षा कमी नाही.

त्याचं दुखणं दुसरीकडे आहे. तो प्लॅस्टिकच्या जातीचा आहे. सतत ताण आणि उष्णता मिळाली की तुटत नाही, पण किंचित किंचित सरकत राहतो. खुर्चीत हे कळत नाही. वीणेत दांडी केसभर पुढे आली की घोडीजवळची तारांची उंची बदलते आणि जवारी बिघडते. सरस काचेसारखा कडक वाळतो आणि सरकत नाही. दुसरं, सुकलेल्या फेव्हिकॉलवर कोणतंही चिकटद्रव्य नीट धरत नाही, अगदी नवा फेव्हिकॉलसुद्धा. म्हणून तो खरवडावा लागतो, आणि खरवडताना लाकूड जातं. एकदा फेव्हिकॉलने दुरुस्त झालेला सांधा दर दुरुस्तीला थोडा सैल होत जातो तो असा.

सरसाने आवाज गोड होतो असं ठासून सांगणारे भेटतात. नेटक्या सांध्याचा आवाजाशी संबंध आहे, हे मान्य. पण दोन सारख्या नेटक्या सांध्यांत, एक सरसाचा आणि एक फेव्हिकॉलचा, कानाने फरक ओळखता येतो या दाव्यावर मी फार विसंबून राहणार नाही. सरस घ्यायचा तो न सरकण्यासाठी आणि पुन्हा उघडता येण्यासाठी.

एक बाब मात्र दुरुस्त करणाऱ्याने स्वतःहून सांगावी. सरस जनावराच्या कातड्याचा असतो. माळकरी माणसाला देवाच्या वीणेला तो नको वाटू शकतो. मृदंगाला कातडं चालतं मग सरस का नाही, असा वाद घालण्यात अर्थ नाही, निर्णय त्याचा. त्याने नको म्हटलं तर फेव्हिकॉल लावा आणि त्या वाद्याचा सांधा दरवर्षी तपासायला सांगा.

युरिया घातलेला सरस

न तापवता वापरायचा, बाटलीतला द्रव सरस मिळतो. त्यात बहुधा युरिया असतो. युरिया सरसाला गोठू देत नाही, म्हणून वेळ भरपूर मिळतो. घरीही करता येतो: वितळलेल्या सरसात, कोरड्या सरसाच्या वजनाच्या एक दशांशापर्यंत युरिया. पण शेतातल्या पोत्यातला घेऊ नका. २०१५पासून आपल्याकडचा खताचा युरिया नीमलेपित असतो आणि सांध्यात कडुनिंबाचं तेल नको. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडचा साधा युरिया घ्या.

हा सरस नक्षीला, किनारीला, तबलीसारख्या लांब कडेला ठीक. युरियामुळे तो हवेतली ओल जास्त ओढतो, त्यामुळे दांडीच्या सांध्याला, विशेषतः पावसाळा पार करायचा असेल तर, अजिबात नको. बाटलीवरची तारीख पाहूनच घ्या. जुना झालेला द्रव सरस वाळतच नाही, महिनाभराने बोट लावलं तरी चिकट लागतो.

सांधा उघडायचा असेल तेव्हा

तारा उतरवा, सगळ्या एकदम नाही, थोड्या थोड्या. सांध्याच्या कडेने पातळ, बोथट पाते गरम पाण्यात बुडवून सरकवा. घाई केली तर पाते लाकडात शिरतं. तबलीसाठी दुसरी युक्ती: सांध्यात स्पिरिटचे दोन-चार थेंब सोडा. स्पिरिट सुकलेल्या सरसातलं उरलंसुरलं पाणी ओढून घेतं, तो ठिसूळ होतो आणि पाते लावताच कडकन सुटतो. मात्र स्पिरिट लाखेच्या पॉलिशवर पडलं तर पॉलिश विरघळतं, म्हणून ड्रॉपरने आणि फक्त फटीत. दांडीच्या सांध्याला गरम पाण्याची पिचकारी आणि सबुरी लागते. ओलं फडकं सांध्यावर गुंडाळून त्यावर इस्त्रीचं टोक धरलं तर वाफ आत जाते. दोन-तीनदा केलं की दांडी हलायला लागते.

पुन्हा जोडायच्या आधी सांधा पूर्ण वाळू द्या. आणि तबली बंद करण्याआधी तिच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा: कोणत्या सांध्याला कोणता सरस, किती ब्लूमचा, कोणता महिना. फेव्हिकॉल लावला असेल तर तेही.